‘ता’ला तत्त्वज्ञान चिकटवू नका

“आयरिश माणूस ‘मी दुःखी आहे’ असं कधी म्हणतच नाही. तो म्हणतो, ‘दुःख माझ्यावर आहे.’ म्हणजे दुःख निराळं, तो निराळा. आज अंगावर आलंय, उद्या उतरेल.” हा मजकूर इंग्रजीतून मराठीत येऊन आता चांगलाच रुळला आहे. मनःस्वास्थ्यावरच्या व्याख्यानांत तो हमखास येतो, ललित लेखांत डोकावतो, कुणाचं सांत्वन करतानाही कामी येतो. ‘ता ब्रोन ओरम’ हे तीन शब्द वक्ता सावकाश उच्चारतो, क्षणभर थांबतो आणि सभागृहात माना डोलू लागतात. केवढं शहाणपण साठवलंय बघा त्या भाषेत!

वाक्य खरंच आहे. ‘ता’ म्हणजे आहे, ‘ब्रोन’ म्हणजे दुःख, ‘ओरम’ म्हणजे माझ्यावर. त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र साफ चुकीचा आहे. आणि हे कळायला आयरिश यायला हवी असंही नाही. धड मराठी येत असली तरी भागतं.

आपण काय म्हणतो? मला दुःख झालं. मला राग आला. मला भूक लागली. त्याला ताप आहे. तिच्यावर संकट आलं. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. राग येतो, भूक लागते, झोप येते, लाज वाटते, आठवण होते; यांतल्या एकाही वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. आता एखाद्या परदेशी वक्त्याने ‘मला राग आला’ याचं शब्दशः भाषांतर करून सांगितलं, की मराठी माणूस रागाला दारात आलेला पाहुणा समजतो, म्हणून तो कधी रागाने पेटत नाही, तर आपण काय करू? हसू. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला त्या वक्त्याला एकदा घेऊन जाऊ. मग हाच न्याय आयरिश माणसाला का नाही? त्याच्या वाक्याचं शब्दशः भाषांतर केलं की ते उपनिषद होतं आणि आपलं वाक्य नुसतं व्याकरण राहतं, हा कुठला हिशेब?

मुळात ‘ओरम’ काय आहे ते पाहू. आयरिशमध्ये शब्दयोगी अव्यय आणि सर्वनाम एकजीव होतात. ‘एर’ म्हणजे वर. त्याचं ओरम म्हणजे माझ्यावर, ओर्त म्हणजे तुझ्यावर, आणि ‘त्याच्यावर’ला पुन्हा एरच. ‘ता’च्या जोडीला हे शब्द कुठे कुठे बसतात? दुःख माझ्यावर आहे, आनंद माझ्यावर आहे, भूक, तहान, सर्दी, घाई माझ्यावर आहे. इथवर वक्त्याचं म्हणणं टिकेल. पण पुढे जाऊ. ‘तुझं नाव काय?’ याला आयरिशमध्ये एक नेहमीचं वाक्य आहे: ‘केन तानिम अता ओर्त?’ शब्दशः, तुझ्यावर कोणतं नाव आहे? नाव उद्या उतरणार आहे काय? ‘त्याला दाढी आहे’ हे ‘दाढी त्याच्यावर आहे’ असं होतं. दाढी निदान काढता तरी येते. पण ‘त्याचं नाक लांब आहे’ हेही आयरिश माणूस तसंच सांगतो: ‘ता स्रोन अदा एर’, लांब नाक त्याच्यावर आहे. नाक वेगळं आणि तो वेगळा, आज आलंय उद्या जाईल, असं म्हणायची कुणाची तयारी असेल तर त्याने जरूर म्हणावं.

उसने पैसेही याच ‘वर’ने सांगतात. ‘ता पुंत अगम ओर्त’ म्हणजे माझा एक पौंड तुझ्यावर आहे, तू माझं देणं लागतोस. ‘मला निघायलाच हवं’ हेही ‘निघणं माझ्यावर आहे’ असंच. थोडक्यात, जे माणसाला येऊन चिकटतं, जे त्याच्याशी जोडलेलं असतं, जे त्याला चुकत नाही, अशा बऱ्याच गोष्टींना आयरिश ‘वर’ लावते. त्यात क्षणिकही आलं आणि जन्माचंही. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे ‘मी दुःखी आहे’ असं सरळ वाक्य आयरिशमध्ये आहे. ‘ता मे ब्रोनख.’ ब्रोनख हे साधं विशेषण. आयरिश माणूस हे वाक्य बोलतो, लिहितो, आणि त्याच्या दुःखाचा तोल काही बिघडत नाही. ‘असं कधी म्हणतच नाही’ हे विधान करणाऱ्याने एक साधा शब्दकोशही उघडलेला नसतो.

दुसरा दावा याचाच भाऊ आहे. आयरिशमध्ये इंग्रजीच्या ‘हॅव’सारखं क्रियापद नाही, म्हणून त्या लोकांत मालकीची भावना नाही, वस्तू आपल्यापाशी फक्त काही काळ असते हे त्यांना उमगलं आहे, वगैरे. ‘हॅव’ नाही हे खरं. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ याला ‘ता ल्याउर अगम’ म्हणतात. अगम म्हणजे माझ्यापाशी. पण मराठीत तरी ‘हॅव’ कुठे आहे? माझ्याकडे पुस्तक आहे, मला दोन भाऊ आहेत, माझं घर आहे. हिंदीत नाही, रशियन माणूसही रोजच्या बोलण्यात ‘माझ्यापाशी पुस्तक’ असंच म्हणतो. यातला कुणीही जमिनीच्या तुकड्यासाठी कोर्टाची पायरी चढायचा राहिलेला नाही.

त्याहून महत्त्वाचं असं, की आयरिशमध्ये मालकी सांगायला स्वतंत्र, ठणठणीत वाक्यरचना आहे. पुस्तक माझ्यापाशी आहे याला ‘ता’ लागतं. पुस्तक माझं आहे, माझ्या मालकीचं आहे, याला दुसरंच क्रियापद लागतं: ‘इस ल्युमसा ए’. जवळ असणं आणि मालकीचं असणं यांत आयरिश काटेकोर भेद करते. इंग्रजीचं ‘हॅव’ या दोन्हींना एकाच पोत्यात कोंबतं. मालकीची जाणीव कुणाच्या व्याकरणात बारीक आहे ते वाचकांनीच ठरवावं.

आणि व्याकरणाच्या बाहेर पाहायचं तर प्राचीन आयरिश कायद्याचे ग्रंथ आहेत. सातव्या शतकातला एक अख्खा ग्रंथ, ‘बेखव्रेहा’, फक्त मधमाश्यांच्या वादांवर आहे. माझ्या पोळ्यातल्या माश्या शेजाऱ्याच्या फुलांवर चरल्या तर शेजाऱ्याचा वाटा किती, थवा उडून दुसऱ्याच्या झाडावर बसला तर तो कुणाचा, याचा कीस काढलेला आहे. माशीने कुणाच्या फुलातला मध आणला याचा हिशेब ठेवणाऱ्या समाजाला मालकी माहीत नव्हती म्हणे! अलीकडचं हवं असेल तर 1879 साली स्थापन झालेली लँड लीग घ्या. कुळांनी जमिनीसाठी जो लढा दिला त्याच्या रेट्यातच 1880 च्या शरद ऋतूत मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याला गावाने वाळीत टाकलं, आणि त्याचं आडनाव जगभर क्रियापद होऊन बसलं. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार इंग्रजी वर्तमानपत्रांत याच आयरिश प्रकरणातून आलेल्या शब्दाने छापला जात होता.

वर मी ‘दुसरं क्रियापद’ म्हटलं, ते ‘इस’. त्याबद्दलही एक सोपा नियम सांगितला जातो, आणि खुद्द आयरिश शिकणारेही त्याला बळी पडतात: ‘इस’ कायमच्या गोष्टींना, ‘ता’ तात्पुरत्या गोष्टींना. नियम सुटसुटीत आहे, पण खरा नाही. ‘तो मेला आहे’ याला आयरिशमध्ये ‘ता शे मारव’ म्हणतात. मरणाहून कायमचं काय असतं? ‘तो उंच आहे’ यालाही ‘ता’. उलट ‘आजचा दिवस छान आहे’ हे ‘इस’ने सांगता येतं, आणि दिवस तर संध्याकाळी मावळतो. खरा भेद काळाचा नाहीच. अमुक म्हणजे तमुक, हा मास्तर आहे, ते घर माझं आहे, अशी ओळख पटवायची किंवा वर्गवारी करायची असेल तिथे ‘इस’. कुठे आहे, कसा आहे, आहे की नाही, काय करतो आहे, हे सांगायचं असेल तिथे ‘ता’. या साध्या भेदाला ‘शाश्वत आणि अशाश्वत’ अशी वेदान्ती नावं दिली की तो एकदम पवित्र वाटू लागतो, एवढंच.

स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी जोडी आहे. म्हणून आयरिश लोक स्पेनमधून आले, असंही एक पिल्लू सोडलेलं आहे. अकराव्या शतकात संकलित झालेल्या ‘लेवोर गवाला’ या आयरिश ग्रंथात गेल लोक स्पेनहून आल्याची कथा आहे, तिला हा भाषिक पुरावा जोडला जातो. पण ‘तो उंच आहे’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये ‘सेर’ने होतं आणि आयरिशमध्ये ‘ता’ने. म्हणजे दोन्ही भाषांत दोन-दोन क्रियापदं आहेत खरी, पण कामाची वाटणी निराळी. शिवाय स्पॅनिश ‘एस्तार’ हे लॅटिन ‘स्तारे’, म्हणजे उभं राहणं, यापासून घडत गेलं, आणि आयरिश ‘ता’ आठव्या शतकातल्या हस्तलिखितांत पुरतं स्थिरावलेलं दिसतं. दोघांचं मूळ धातूपाशी एक आहे, पण ते स्पेनपेक्षा कितीतरी जुनं आहे.

त्या मुळाकडे आता नीट जाऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे आणि ती त्या सांत्वनपर वाक्यापेक्षा कितीतरी रंजक आहे. आयरिशमध्ये अनियमित क्रियापदं मोजून 11 आहेत. त्यांत ‘असणे’ हे सर्वांत अनियमित. वर्तमानात ‘ता’, प्रश्न किंवा नकार आला की ‘विल’, ‘नील’, नेहमीची गोष्ट सांगताना ‘बीअन’, भूतकाळात ‘वी’, भूतकाळाच्या प्रश्नात ‘रेव’, भविष्यात ‘बेइ’. एकाच क्रियापदाची ही रूपं आहेत यावर शिकणाऱ्याचा पहिल्यांदा विश्वास बसत नाही. बसायचं कारणही नाही, कारण ही एका धातूची लेकरं नव्हेतच. हे क्रियापद म्हणजे निरनिराळ्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी आहे.

पहिला तुकडा ‘ता’. जुन्या आयरिशमध्ये तो ‘अत्ता’ असा होता (मराठी ‘आत्ता’शी त्याचा काडीचा संबंध नाही, कुणी जोडायच्या आत सांगून टाकतो). त्यातला ‘अ’ पुढे गळाला, तरी ‘जो आहे’ अशा संबंधी वाक्यांत तो अजून ‘अता’ या रूपात शाबूत आहे. वरच्या नावाच्या प्रश्नात तो आलाच होता. हे रूप ‘अद्’ हा उपसर्ग आणि ‘उभं राहणे’ या अर्थाचा आद्य इंडो-युरोपीय धातू यांच्या जोडीतून आलं. तोच धातू संस्कृतात ‘स्था’ म्हणून आहे, लॅटिनात ‘स्तारे’ आणि इंग्रजीत ‘स्टँड’ म्हणून. आपलं ठाणं, ठाण मांडून बसणं, हे त्याच कुळातलं. हिंदीतला ‘था’ही ‘स्थित’वरून आल्याचं मानतात. उभा आहे, म्हणजे तिथे आहे, म्हणजे आहे: अर्थाचा हा प्रवास अनेक भाषांनी स्वतंत्रपणे केला आहे.

दुसरा तुकडा ‘बीअन’, ‘वी’, ‘बेइ’, ‘रेव’. हा संस्कृत ‘भू’चा भाऊ, म्हणजे आपल्या ‘होणे’चा चुलता. तिसरा, वेगळाच राहिलेला ‘इस’, हा संस्कृत ‘अस्’च्या नात्यातला, जुन्या आयरिशमध्ये ‘मी आहे’ला ‘अम’, ‘तो आहे’ला ‘इस’, ‘ते आहेत’ला ‘इद’ अशी रूपं होती. अस्मि, अस्ति, सन्ति यांच्या शेजारी ती ठेवून पाहा.

चौथा तुकडा सर्वांत विलक्षण. प्रश्नातलं ‘विल’ हे जुन्या ‘फिल’चं रूप. हे ‘फिल’ मुळात ‘असणे’ नव्हेच, ते ‘पाहा!’ अशी आज्ञा होतं. वेल्श भाषेत ‘ग्वेल्ड’ म्हणजे पाहणे, ते याच धातूचं. हे अभ्यासकांना कळलं कसं? जुन्या आयरिशमध्ये ‘फिल’ असलेल्या वाक्यात जी वस्तू ‘आहे’ ती प्रथमेत नसते, द्वितीयेत असते. ‘असणे’ या क्रियापदाला कर्म कशाला लागेल? पण ‘घर पाहा!’ म्हटलं तर घर हे कर्मच. ‘हे बघ घर’ म्हणता म्हणता त्याचा अर्थ ‘इथे घर आहे’ असा झाला. अर्थ बदलला, पण विभक्ती जुन्या अर्थाची साक्ष देत राहिली. एका विभक्तीच्या प्रत्ययावरून शब्दाचा मागचा जन्म काढणं, भाषाशास्त्राची मजा इथे आहे. दुःखाच्या ‘वर’ असण्यात नाही.

आणि हा पुरावा सापडतो कुठे? आयर्लंडमध्ये नव्हे, जर्मनीत व्युर्त्सबुर्गला. आठव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आयरिश भिक्षूंनी सेंट पॉलच्या लॅटिन पत्रांच्या ओळींच्या मध्ये, समासात, बारीक अक्षरांत आपल्या भाषेत टिपा लिहिल्या. हा शब्द कुणाला उद्देशून आहे, इथे वाक्य कुठे तुटतं, पॉलला इथे काय म्हणायचं आहे, अशा शिकवणाऱ्या माणसाच्या टिपा. पुढे त्या पोथ्यांच्या आसपास ती भाषा समजणारं कुणी उरलं नाही. अक्षर मात्र टिकलं. योहान कास्पार त्सॉइस या बव्हेरियन अभ्यासकाने व्युर्त्सबुर्ग, मिलान, सेंट गाल इथल्या अशा टिपा वाचून 1853 साली ‘ग्रामातिका केल्तिका’ लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. त्यावर पुढच्यांनी इमारत चढवली. 1909 साली आलेलं रूडोल्फ थुर्नआयझनचं जुन्या आयरिशचं व्याकरण आजही प्रमाण मानलं जातं.

इथे आपल्याकडच्या एका दाव्याचाही समाचार घेतला पाहिजे. स्था आणि ता, अस्ति आणि इस अशी जोडी दिसली की आपल्यातल्या काहींची छाती फुगते: म्हणजे आयरिश संस्कृतातूनच निघाली! अजिबात नाही. पुरावा अगदी छोटा आहे. आयरिशमध्ये आठला ‘ओख्त’ आणि दहाला ‘देख’ म्हणतात. लॅटिनात ‘ओक्तो’ आणि ‘देकेम’. एकात ओ, दुसऱ्यात ए. संस्कृतात दोन्हीकडे ‘अ’ आहे: अष्ट, दश. संस्कृताने मूळचे अ, ए, ओ हे तीन स्वर एकाच ‘अ’मध्ये मिसळून टाकले. आयरिश जर संस्कृताची मुलगी असती तर कोणत्या ‘अ’च्या जागी ओ ठेवायचा आणि कोणत्या जागी ए, हे तिला कळलं असतं कुठून? आणि तेही नेमकं लॅटिनशी जुळेल असं? आईने जे हरवलं ते मुलीकडे सापडत नाही. म्हणून त्या बहिणी आहेत. विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या एका समान भाषेतून झाला असावा असं मांडलं, आणि केल्टिक भाषाही त्याच कुळातल्या असू शकतील असं सुचवलं. केल्टिकची ती जागा पक्की व्हायला आणखी पन्नासेक वर्षं लागली. 1838 मध्ये फ्रान्ट्स बॉप यांनी ते दाखवून दिलं.

भारताचा या क्रियापदाशी खरा संबंध हवाच असेल तर तो माणसांच्या रूपाने आहे. डब्लिनचे व्हिटली स्टोक्स 1862 मध्ये भारतात आले, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य झाले, इथले कायदे त्यांनी मसुद्यात उतरवले. आणि कचेरीचं काम संपलं की जुन्या आयरिश टिपा वाचत बसायचे. जुन्या आयरिशवरची त्यांची काही पुस्तकं कलकत्त्यात छापली गेली. दुसरे जॉर्ज ग्रिअर्सन, डब्लिन परगण्यातलेच. त्यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड, 1905 सालचा, मराठीचा आहे; कोकणीपासून वऱ्हाडीपर्यंतच्या बोलींचे नमुने त्यात आहेत. आयर्लंडने आपल्या भाषांसाठी इतकं केलं. आपण परतफेडीत त्यांच्या क्रियापदाला सुविचारांच्या पाटीवर टांगतो आहोत.

आता थोडं कडवट. आज ज्या क्रियापदाचं कौतुक चाललं आहे, त्याच क्रियापदावरून आयरिश लोकांची दीडेकशे वर्षांपूर्वी टिंगल होत होती. आयरिशमध्ये ‘आत्ता आहे’ला ‘ता’ आणि ‘नेहमी असतो’ला ‘बीअन’ अशी दोन निराळी रूपं आहेत. इंग्रजीत हा भेद नाही. इंग्रजी बोलू लागलेल्या आयरिश शेतकऱ्याला तो चुकल्यासारखा वाटला आणि तो ‘आय डू बी’ म्हणू लागला. त्यात आयरिशचा मोठा हात आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. लंडनच्या रंगभूमीवर आयरिश गड्याचं सोंग आणायचं तर त्याच्या तोंडी असली इंग्रजी घालायची आणि प्रेक्षकांनी खिदळायचं. धड बोलता येत नाही, म्हणजे धड विचार करता येत नाही, हा त्यातला गर्भित अर्थ.

मराठी वाचकाला या भेदाचं मर्म एका क्षणात कळेल. ‘आज थंडी आहे’ आणि ‘हिवाळ्यात थंडी असते’. ‘तो घरी आहे’ आणि ‘रविवारी तो घरी असतो’. आहे म्हणजे ‘ता’, असतो म्हणजे ‘बीअन’. इंग्रजी शिकवताना आपल्या पोरांना हा भेद सोडून द्यायला शिकवावं लागतं. आयरिश शेतकऱ्याने तो सोडला नाही. यात अडाणीपणा नव्हता. आणि आपलं क्रियापदही काही कमी तुकड्यांचं नाही: आहे, असतो, होता, झाला. ‘झाला’ तर ‘जात’पासून, म्हणजे ‘जन्’ धातूतून आला. ‘आहे’च्या व्युत्पत्तीवर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. या वैविध्यातून मराठी मनाचं कोणतं गूढ उकलतं? कोणतंच नाही. पोरांना पाठ करायला चार रूपं जास्त होतात.

1899 साली आयर्लंडच्या माध्यमिक शिक्षणाची चौकशी चालू होती. ट्रिनिटी कॉलेजचे रॉबर्ट अ‍ॅटकिन्सन, हे ग्रिअर्सन यांचे गुरू आणि संस्कृतचे प्राध्यापक, त्यांनी आयोगापुढे आयरिश भाषेला आणि तिच्या साहित्याला शाळेत जागा देण्याची लायकी नाही अशी साक्ष दिली. डग्लस हाइड यांनी युरोपभरच्या विद्वानांची पत्रं आयोगापुढे ठेवून त्यांना उत्तर दिलं. हाइड पुढे 1938 मध्ये आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. अ‍ॅटकिन्सन यांना आयरिश येत होती, चांगली येत होती. तरी त्यांनी भाषेवरून समाजाला तोललं. आजचे कौतुक करणारे तेच करतात. तेव्हा उत्तर उणे आलं होतं, आता अधिक येतं, पण गणित तेच आणि तेच चुकीचं आहे. स्तुती आहे म्हणून चूक माफ होत नाही.

‘आयरिशमध्ये हो आणि नाही हे शब्दच नाहीत, म्हणून ते लोक ठाम बोलत नाहीत’ हा याच माळेतला आणखी एक मणी. ‘दमलास का?’ असं विचारलं तर आयरिश माणूस ‘ता’ किंवा ‘नील’ म्हणतो, क्रियापदानेच उत्तर देतो. त्यात संदिग्ध काय आहे? ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ आपण दिवसातून दहा वेळा हेच करतो. आणि ‘नील’ म्हणजे ‘नी’ हा नकार अधिक वरचं ‘विल’. आपलं ‘नाही’ तरी दुसरं काय आहे? न अधिक आहे. म्हणून तर ते चालतं: तू नाहीस, ते नाहीत. मराठीचा नकार हे ‘असणे’ या क्रियापदाचंच रूप आहे, आयरिशइतकंच. मराठी माणूस ठाम नाही असं म्हणायचं धाडस त्या वक्त्याने मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून दाखवावं.

विरोधी पक्षाची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. भाषेचा विचारांवर काहीच परिणाम होत नाही असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियातल्या गूगू यिमिथिर भाषेत डावं-उजवं अशा शब्दांऐवजी पूर्व-पश्चिम वापरतात, आणि ती बोलणाऱ्यांचं दिशांचं भान खरोखरच पक्कं असल्याचं अभ्यासकांना आढळलं. पण ते त्या माणसांची चाचणी घेऊन आढळलं, वाक्याचं शब्दशः भाषांतर करून नाही. भाषांतरावरून मन वाचण्याचा उद्योग याआधी फसलेला आहे. बेंजामिन ली वोर्फ यांनी होपी भाषेत काळाची कल्पना नाही असं लिहिलं, पुढच्या पिढ्यांनी ते घोकलं. 1983 मध्ये एकेहार्ट मालोत्की यांनी होपीतल्या काळाच्या शब्दांवर सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ छापला. आयरिश माणूस दुःखातून लवकर सावरतो असं कुणाला म्हणायचं असेल तर त्याने माणसं मोजावीत. क्रियापदाला साक्षीला उभं करू नये.

‘यात बिघडलं काय? कुणाला धीर मिळतो ना?’ असं विचारलं जाईल. धीर मिळत असेल तर चांगलंच आहे. ‘हेही दिवस जातील’ हे सांगायला मराठी समर्थ आहे, त्यासाठी दुसऱ्याच्या भाषेबद्दल खोटं सांगावं लागत नाही. बिघडतं ते त्या भाषेचं. आयर्लंडच्या 2022 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 74 हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असं नोंदवलं. शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे सुमारे 72 हजार निघाले. ती भाषा बाजारात, भांडणात, वीजबिलाच्या तक्रारीत वापरली जाण्याची गरज आहे. तिला गूढ, कोमल, दुःखाला हळुवार बाजूला सारणारी ठरवून मखरात बसवलं, की तिच्यात कुणी उसने पैसे मागेल ही कल्पनाच लोकांना विचित्र वाटू लागते. आणि ‘माझा पौंड तुझ्यावर आहे’ हे वाक्य रोज बोललं गेलं तरच ‘ता’ जिवंत राहणार आहे.

संपादकांना आणि व्याख्यानमालांच्या संयोजकांना म्हणूनच एक विनंती. अमुक भाषेत अमुक शब्द नाही, म्हणून त्या लोकांत अमुक भावना नाही, असं वाक्य समोर आलं की ते छापण्याआधी किंवा माईकवरून जाऊ देण्याआधी ती भाषा बोलणाऱ्या एका माणसाला विचारा. तसा कुणी सापडला नाही, तर ते वाक्य गाळा.